अनाथोथचें शेत

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:१–४४. सोबत वाचावें : यिर्मया ३७:११–२१; ३८:१–१३; लेवीय २५:२३–२८; एज्रा २:१–२३.



मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, आर्द्रा नक्षत्रही कोरडें जातें, आणि घरांत कणगीच्या तळाशीं पायलीभर बियाणें उरलेलें असतें. तें पेरावें कीं दळावें, हा प्रश्न ज्या घरांत एकदां तरी उभा राहिला आहे, त्या घरास देवाच्या काळजीविषयीं उपदेश करणें सोपें नाहीं. भरल्या कणगीजवळ बसून "देव पाहून घेईल" असें म्हणावयास जिभेवांचून दुसरें कांहीं लागत नाहीं. अशा दिवसांत आपण बहुधा मत्तयाच्या सहाव्या अध्यायांतील पांखरें व रानफुलें यांचा पाठ वाचतों, आणि तो वाचावाच. परंतु ह्या आठवड्यांत आपण पवित्र शास्त्रांतील एका जमिनीच्या खरेदीचा पाठ घेऊं. पुष्कळ वाचक हा अध्याय चाळून पुढें जातात, कारण त्यांत परकीं नांवें, साक्षीदार, मोहोर आणि तोललेलें रुपें यांचीच गर्दी दिसते. पण ज्यानें खरेदीखतावर कधीं अंगठा केला आहे, किंवा भाऊबंदांनीं विकावयास काढलेल्या शेताच्या बांधावर जो कधीं विचार करीत उभा राहिला आहे, त्यास हा अध्याय शहरांतल्या विद्वानापेक्षां लवकर समजेल.

काळ इ. स. पू. ५८८–५८७ च्या सुमाराचा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकीर्दीचें १० वें वर्ष. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेनें यरुशलेमास वेढा घातला होता. वेशी बंद, बाहेरून धान्य येणें बंद, आणि तटास भिडविलेले मातीचे मोर्चे दिवसेंदिवस उंच होत होते. देशांतील तटबंदीचीं नगरें एकामागून एक पडत गेलीं. यिर्मया ३४:७ येथें सांगितलें आहे कीं, यरुशलेमाखेरीज लाखीश व अजेका हीं दोनच टिकून होतीं. १९३५ सालीं स्टार्की नांवाच्या इंग्रज संशोधकास लाखीशाच्या वेशींतील जळक्या थरांत शाईनें लिहिलेल्या १८ खापऱ्या सांपडल्या. त्यांपैकीं कित्येक म्हणजे एका चौकीवरील अंमलदारानें आपल्या वरिष्ठास पाठविलेल्या चिठ्ठ्या आहेत. एकींत तो कळवितो कीं, आपले लोक लाखीशाच्या जाळाच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहेत, कारण अजेकाचे इशारे दिसत नाहींत. कोणी मोठ्या ग्रंथकारानें केलेलें वर्णन वाचण्यापेक्षां त्या खापरीवरचा हा निरोप वाचला म्हणजे त्या दिवसांतील भीति अधिक कळते.

ऐन त्या वेढ्यांत यिर्मया संदेष्टा कैदेंत होता, आणि ती कैद त्याच्याच राजाची होती. देव हें नगर बाबेलच्या हातीं देणार असें तो उघड सांगत असे, म्हणून लोकांनीं त्यास फितूर ठरविलें होतें. त्यास पहारेकऱ्यांच्या चौकांत ठेविलें होतें. रोटी भाजणारांच्या आळींतून त्यास रोज एक भाकर मिळत असे. तीही नगरांत भाकर होती तोंवरच.

अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला. अनाथोथ येथील माझें शेत तूं विकत घे, तें सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे, असें त्यानें म्हटलें. अनाथोथ हें यिर्मयाचें जन्मगांव. तें यरुशलेमाच्या ईशान्येस सुमारें ५ किलोमीटरांवर होतें. त्या बाजूस आज अनाता नांवाचें गांव आहे. वेढ्याच्या दिवसांत तो सारा मुलूख खास्द्यांच्या हातीं होता. ज्या शेतांत शत्रूच्या राहुट्या पडल्या असतील, ज्याच्या बांधापर्यंत जातांही येत नाहीं, तें शेत हनामेल विकूं पाहत होता, आणि तेंही एका कैद्याला! त्याच्या मनांत काय होतें तें शास्त्र सांगत नाहीं. भुकेनें गांजून तो आला असेल. किंवा बुडीत माल वेळींच दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावा असाही त्याचा विचार असेल. दुष्काळांत भाऊबंद काय विकावयास काढितात आणि काय राखून ठेवितात, हें आपणांस कोणीं सांगावयास नको. त्यांतून ह्याच अनाथोथच्या लोकांनीं पूर्वीं यिर्मयाचा जीव घेण्याचा बेत केला होता (११:२१), आणि त्याच्या घरच्यांनींही त्याच्याशीं कपट केलें होतें (१२:६). अशा भावकीसाठीं गांठचा पैसा सोडणें कोणास गोड वाटेल?

परंतु मोशेच्या नियमशास्त्रांत असें होतें कीं, कोणी भाऊ दरिद्री होऊन आपलें वतन विकूं लागला तर जवळच्या आप्तानें तें सोडवावें. जमीन परमेश्वराची आहे, ती घराण्यांतून जाऊं नये, असा त्या नियमाचा हेतु. म्हणून हनामेलाचा हेतु कसाही असो, त्याच्या तोंडून आलेली मागणी कायद्याची होती. यिर्मयानें भावाचा स्वभाव तपासीत न बसतां आपलें कर्तव्य पाहिलें.

येथें ८ व्या वचनाच्या शेवटाकडे नीट लक्ष द्यावें. हनामेल येणार हें परमेश्वरानें यिर्मयास आधींच कळविलें होतें. तरी हनामेल खरोखर चौकांत येऊन उभा राहिला, तेव्हां हा शब्द परमेश्वराचा होता असें आपण ओळखलें, असें तो स्वतः लिहितो. म्हणजे तोंवर त्याच्या मनांत कांहीं किंतु होता! सुमारें ४० वर्षें ज्यानें देवाची वाणी लोकांस कळविली, त्याला देखील ती वाणी पुष्कळदां मागाहूनच पक्की ओळखूं येई. आपल्यापैकीं कित्येकांस वाटतें कीं, देव बोलला तर मनांत एकदम लख्ख उजेड पडेल व शंका म्हणून उरणार नाहीं; आणि तसें झालें नाहीं म्हणजे ते आपला विश्वास कच्चा समजून खिन्न होतात. त्यांनीं ह्या वचनाखालीं रेघ ओढावी.

मग व्यवहार झाला. यिर्मयानें १७ शेकेल रुपें तोलून दिलें. त्या काळीं यहूदांत नाणीं नव्हतीं. चांदीचे तुकडे ताजव्यांत घालून देत. शेकेल म्हणजे ११ ग्रॅमांहून थोडें अधिक, आपल्या तोळ्याच्या अगदीं जवळचें वजन. तेव्हां किंमत सुमारें १७ तोळे चांदी झाली. भाकरीला महाग झालेल्या नगरांत इतकी चांदी हातांतून सोडणें म्हणजे काय, तें ज्यानें त्यानें आपल्या घराकडे पाहून ठरवावें.

पुढचा मजकूर शास्त्रानें मोठ्या बारकाईनें दिला आहे. खत लिहिलें, साक्षीदार बोलाविले, त्यांनीं सह्या केल्या, खताची एक प्रत मोहोरबंद केली व एक उघडी ठेविली. चौकांत बसलेल्या सर्व यहूद्यांच्या देखत त्या दोन्ही प्रती नेरीयाचा मुलगा बारूख याच्या हातीं दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या मडक्यांत घालावयास सांगितल्या. उघडी प्रत हवी तेव्हां पाहावयाची. मोहोरबंद प्रत तंटा उठला तर पंचांपुढें फोडावयाची. ही रीति पुढें शतकानुशतकें चालत राहिली. मृत समुद्राजवळच्या एका गुहेंत १९६१ सालीं बाबथा नांवाच्या एका यहूदी विधवेचीं कागदपत्रें सांपडलीं. तीं यिर्मयाच्या मागून सुमारें ७०० वर्षांनीं लिहिलेलीं आहेत, आणि त्यांतील कित्येक अशाच दुहेरी लिखाणाचीं आहेत : वरचा मजकूर गुंडाळून बांधलेला, खालीं तोच मजकूर उघडा. मडक्याविषयीं म्हणाल तर त्याच समुद्राच्या कांठीं कुम्रान येथें १९४७ सालीं मडक्यांत ठेविलेल्या गुंडाळ्या निघाल्या. त्या सुमारें २००० वर्षें टिकल्या होत्या. मोहोर उमटविलेली मातीची गोळीही अशीच टिकते. यरुशलेमाच्या अगदीं जुन्या भागांत २००५ व २००८ सालीं नखाएवढ्या दोन गोळ्या हातीं आल्या. त्यांवरचीं नांवें शलेम्याचा मुलगा यहूकल आणि पशहूराचा मुलगा गदल्या हीं आहेत. यिर्मयाला ठार करावें असें राजास सांगणाऱ्या सरदारांच्या यादींत (३८:१) हींच नांवें आपणांस वाचावयास मिळतात.

आपल्यांत असा एक समज पसरलेला आहे कीं, ज्याचा देवावर भरंवसा आहे त्यास पावती, साक्षीदार, हिशेब यांची जरूर नाहीं. तीं मागणें म्हणजे अविश्वासच. मंडळीच्या फंडाचा किंवा धान्याच्या वर्गणीचा हिशेब विचारला म्हणजे कित्येक बंधूंस राग येतो, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. यिर्मयाच्या डोळ्यांदेखत सारें राज्य बुडत होतें, तरी त्यानें एकही कागद अर्धवट ठेविला नाहीं. नुसता उत्साह दाखवावयाचा असता तर चार माणसांत तोंडी बोलणें पुरलें असतें. ह्या शेतांत पुढें कोणी तरी नांगर धरणार आहे असें ज्यास खरोखर वाटतें, तोच खत नीट लिहून मडक्यांत ठेवितो. भरंवसा मनांत किती आहे हें मोजण्याचें माप आपल्याजवळ नाहीं. पण तो हातांनीं काय करवितो तें ह्या अध्यायांत दिसतें.

व्यवहार आटोपला आणि मग यिर्मया प्रार्थनेस लागला (वचनें १६ ते २५). आधीं आज्ञा पाळली; शंका मागून बाहेर आली. प्रार्थनेच्या आरंभीं तो देवाचें सामर्थ्य वर्णितो, देवास अवघड असें कांहींच नाहीं हें कबूल करितो, मिसर देशांतून झालेली सुटका आठवितो. परंतु शेवटाकडे त्याचें बोलणें अडखळतें. मोर्चे तटास भिडले आहेत, तलवार, दुष्काळ व मरी यांच्यामुळें नगर शत्रूच्या हातीं गेल्यासारखेंच आहे, हें देवास दिसत असून त्यानें आपणांस शेत विकत घ्यावयास सांगावें, ह्याचा मेळ त्याला लागत नाहीं. प्रार्थना तेथेंच थांबते. तिला गोड शेवट नाहीं.

उपदेशक बंधूंनो, घरांतलें मूल दगावल्यावर किंवा विहीर आटल्यावर एखादी बहीण प्रार्थनासभेंत असें कांहीं बोलून गेली, तर तिला गप्प बसवूं नका. देवानें यिर्मयाला दटाविलें नाहीं. त्यानें यिर्मयाचेच शब्द उचलून प्रश्नाच्या रूपानें परत दिले : मला अवघड असें कांहीं आहे काय? (वचन १७ व वचन २७ शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं.) उत्तरांत वाईट बातमी सौम्य केलेली नाहीं, नगर जळेल, असें स्पष्ट सांगितलें आहे. पण त्या पलीकडे, ह्याच देशांत लोक पुनः शेतें घेतील, खतें लिहितील, मोहोर करितील व साक्षीदार बोलावितील, असें वचन आहे. हनामेलाचें शेत तुझ्याच हातून पिकेल, असा मात्र एक शब्दही त्यांत नाहीं.

ह्याच्या उलट हनन्याची गोष्ट २८ व्या अध्यायांत आहे. ह्या वेढ्याच्या कांहीं वर्षें आधीं त्यानें मंदिरांत सर्व लोकांसमोर परमेश्वराचें नांव घेऊन सांगितलें होतें कीं, दोन वर्षांच्या आंत बाबेलचें जूं मोडेल आणि मंदिरांतून नेलेलीं पात्रें परत येतील. तें लोकांस किती गोड लागलें असेल! यिर्मयानें देखील तसेंच होवो असें म्हटलें. पण तें खरें नव्हतें. आपल्या गांवांत अवर्षण पडलें म्हणजे लोक उपदेशकास विचारतात, "मास्तर, तुम्ही प्रार्थना करितां, पाऊस केव्हां येईल तें तुम्हांस ठाऊक असेल." विचारणारांत हिंदु शेजारीही असतात. त्यांच्यापुढें आपल्या देवाची लाज राहावी असें वाटून "येत्या रविवारच्या आंत येईल" असें बोलण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. रविवार कोरडा गेला म्हणजे उपदेशकाचें फारसें जात नाहीं. लोकांच्या मनांत देव खोटा ठरतो. "मला ठाऊक नाहीं, आपण मागूं, आणि तोंवर तुमच्या घरांत काय शिल्लक आहे तें मला सांगा", एवढेंच म्हणावें. त्यांतील शेवटचें वाक्य विसरूं नये.

मग त्या काळांत देवाची काळजी दिसली तरी कोठें? वेढ्याच्याच दिवसांत सरदारांनीं यिर्मयास एका टांक्यांत सोडिलें. टांक्यांत पाणी नव्हतें, चिखल होता. तो चिखलांत रुतला. तेव्हां राजवाड्यांतला एबद-मलेख नांवाचा एक कूशी, म्हणजे परदेशी चाकर, राजाकडे गेला, त्यानें हुकूम मिळविला आणि माणसें घेऊन यिर्मयास वर काढिलें. जातांना त्यानें कोठाराच्या खालून जुन्यापान्या चिंध्या घेतल्या, त्या दोरानें खालीं सोडिल्या, आणि दोर काचूं नये म्हणून त्या काखेंत धरावयास सांगितल्या. ह्या चिंध्यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आकाशांतून देवदूत उतरला नाहीं, भिंती पडल्या नाहींत. एका परक्या माणसास दुसऱ्याच्या काखेची आठवण झाली. रोजची एक भाकर आणि ह्या चिंध्या, एवढ्यांतच यिर्मयाचा निभाव लागला.

आपल्या इकडेही तसेंच झालेलें आहे. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगांवचें मुक्ति मिशन त्यांतून वाढलें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या कामावरची मजुरी, सुकडी आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांवर महाराष्ट्रांतील कितीतरी घरें जगलीं. त्या मिलोस लोकांनीं नांवें ठेविलीं आणि तीच खाल्ली. देवाचें दान आपल्या आवडीच्या चवीचें असेलच असें नाहीं. पण सर्वांसच अशी सुटका मिळाली, असें कोणी शिकवूं नये. वेढ्यांत पुष्कळ मेले, दुष्काळांतही पुष्कळ मेले, आणि त्यांत भक्तिमान् माणसें होतीं. ज्यांच्या घरांतून तीं गेलीं तीं घरें आपल्या वर्गांत बसलेलीं असतात.

शेवटीं नगर पडलें व मंदिर जळालें. मागें राहिलेल्या लोकांनीं यिर्मयाचें न ऐकतां त्यासही आपल्याबरोबर मिसर देशांत नेलें (४३:४–७). अनाथोथच्या त्या शेतांत त्यानें कधीं पाय ठेविला असें कोठें लिहिलेलें नाहीं. सावकाराच्या वहीप्रमाणें पाहिलें तर १७ शेकेल बुडाले.

आतां धडा देणाऱ्या बंधूंस थोडेंसें सांगतों. वर्गांत एक मडकें आणि एखादें जुनें खरेदीखत न्यावें. यिर्मयाचें नांव काढण्यापूर्वी म्हाताऱ्या मंडळींकडून तें खत समजावून घ्यावें : साक्षीदार कां लागतात, नक्कल कोठें ठेवितात, भावकीचा हक्क कसा चालतो. त्यांना बोलूं द्यावें. अर्धा धडा तेच शिकवितील. हा अध्याय दाखवून कोणी आपली नापीक जमीन दुसऱ्या विश्वासणाराच्या माथीं मारूं लागला तर त्यास आळा घालावा. मीं हें थट्टेनें लिहीत नाहीं.

पेरावें कीं दळावें, याचें उत्तर ह्या अध्यायांत नाहीं, आणि तें उपदेशकानेंही परस्पर देऊं नये. मुलें उपाशी असतील तर बियाणें दळण्यांत पाप नाहीं. परंतु ज्या घरास तें दळावें लागलें त्यास पेरणीच्या दिवशीं रिकाम्या हातानें बांधावर उभें राहावें लागूं नये, एवढें मंडळीस करितां येईल. सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें शेर अर्धा शेर चांगलें बियाणें आणावें, तें राख मिसळून एका मोठ्या मडक्यांत भरावें, तोंड मातीनें लिंपावें. कोणाचें किती आलें याची यादी दोन प्रतींत लिहावी. एक मडक्याजवळ राहावी व एक पंचांपैकीं कोणाच्या तरी घरीं. पुढच्या मृगांत तें मडकें सर्वांसमोर फोडावें.

वर्ग संपतांना एखाद्या मुलाकडून एज्राचा दुसरा अध्याय काढवावा. इ. स. पू. ५३९ मध्यें कोरेश राजानें बाबेल घेतलें आणि त्यानंतर यहूदी लोक आपल्या देशीं परत येऊं लागले. ही त्यांची गांववार यादी आहे. ती सारी वाचण्याची गरज नाहीं. २३ वें वचन तेवढें मोठ्यानें वाचवावें. त्यांत एक गांव आणि एक आंकडा, एवढेंच आहे : अनाथोथ, १२८ माणसें.